पडद्यावरचा इंग्रजी शिक्षक

चीनमध्ये बीजिंग येथे 2013 साली व्हीआयपीकिड नावाची कंपनी सुरू झाली. अमेरिका-कॅनडातले शिक्षक पहाटे उठून आपल्या घरच्या संगणकासमोर बसत, आणि तिकडे चीनमध्ये संध्याकाळी शाळेतून आलेले मूल पडद्यावर त्यांच्याकडून इंग्रजी शिके. एक शिक्षक, एक मूल आणि 25 मिनिटे. शिक्षक अमेरिका किंवा कॅनडाचाच हवा, ही अट. फिफ्टीवन टॉक ही दुसरी कंपनी फिलिपीन्सच्या शिक्षकांकडून हेच काम कमी दरात करून देई. म्हणजे तासिकेची किंमत शिकवण्यापेक्षा शिक्षकाच्या देशावरून ठरत होती. जुलै 2021 मध्ये चीन सरकारने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले, परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेण्यास मनाई केली, आणि तिथला हा व्यवसाय लवकरच गुंडाळला गेला.

व्यवसाय गेला, तरी त्यामागची कल्पना शिल्लक आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा माणूस पडद्यावर आणून बसवला की मूल इंग्रजी बोलू लागेल, ही ती कल्पना. बुलढाणा जिल्ह्यातल्या, मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावातही ती पालकांना पटण्याजोगी आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही सातवीतल्या मुलाला चार वाक्ये बोलता येत नाहीत, हे पालक पाहतो आणि मराठी शाळेतून नाव काढायचा विचार करू लागतो. अशा वेळी शाळेने वर्गणी काढून एखादी ऑनलाइन तासिका लावावी का? प्रश्न पैशांचा आहे आणि शाळेच्या पटाचाही आहे. तेव्हा ही कल्पना तपासून घ्यायला हवी.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. योगायोग असा, की तोही चिनी आणि इंग्रजीचाच, फक्त उलट दिशेने. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसे 12 वेळा, दर वेळी 25 मिनिटे, खेळली आणि बोलली. चिनी भाषेत दोन ध्वनी असे आहेत की इंग्रजी कानाला ते वेगळे करणे अवघड जाते. ढोबळमानाने आपल्या 'छी' आणि 'शी'सारखे. (मराठी बाळाला यात काही कठीण वाटले नसते!) या बाळांना तो फरक तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखता येऊ लागला. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच बोलणे, पण चित्रफितीवर दाखवले. त्या गटाला काहीही आले नाही.

म्हणजे अस्सल उच्चार दोन्ही गटांच्या कानांवर पडले होते. एकाच गटाला मात्र समोरून प्रतिसाद मिळत होता.

मग दोष पडद्याचा का? तसेही नाही. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी 2014 साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवरून, तर काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलची फीत दाखवून. पहिले दोन्ही गट शिकले, तिसरा शिकला नाही. पडदा चालतो; पण पलीकडच्या माणसाने या मुलाला, याच क्षणी उत्तर दिले पाहिजे. ही मुले फार लहान होती हे खरे, आणि शाळकरी मूल वाचून, व्याकरण समजून घेऊनही शिकते. तरीही बोलणे शिकण्यापुरता हा धागा महत्त्वाचा आहे असे आम्हाला वाटते.

आता हिशेब करू. चीनमधल्या मुलाला 25 मिनिटे एकट्याला मिळत. डोणगावच्या एखाद्या वर्गात 40 मुले आणि भिंतीवर एक पडदा असेल, तर तीच 25 मिनिटे वाटून प्रत्येकाला साडेसदतीस सेकंद येतात. तीही शिक्षक स्वतः एक शब्दही बोलला नाही तर! शिवाय संभाषणात एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. नेटवर्क रखडले की हे अंतर कित्येक पटींनी वाढते. मूल उत्तर देऊन चुकलेले असते आणि पलीकडचा समजतो, याला येत नाही. तो प्रश्न पुन्हा विचारतो, मूल गप्प होते. एका मुलासाठी आखलेली वस्तू चाळीस जणांत वाटली की हाती उरते ती कूल यांच्या दुसऱ्या गटाची चित्रफीत.

उच्चारांचे काय, असे कोणी विचारील. इंग्रजीत पश्चिम दिशेला आणि बंडीला जे दोन वेगळे शब्द आहेत, ते मराठीत लिहिले तर दोन्ही 'वेस्ट'च होतात, कारण आपल्याकडे 'व' एकच. हा फरक शिकवायला हवा, आणि ध्वनिमुद्रणातून तो ऐकवताही येतो. पण त्यासाठी गावच्या शिक्षकाला कमी लेखायचे कारण नाही. वऱ्हाडी घरातले मूल घरी 'डोया' ऐकते, बोलते, आणि शाळेत 'डोळा' वाचते, लिहिते. एका शब्दाची दोन रूपे सांभाळणे त्याच्या सवयीचे आहे. शिक्षकाचा एखादा उच्चार सदोष असल्याने त्याची भाषा अडत नाही. दिवसभरात त्याला इंग्रजीत कोणी काही विचारतच नाही, तिथे ती अडते.

आपल्याकडचे एक उदाहरण आम्हाला चीनपेक्षा बोलके वाटते. 2020 साली, करोनाच्या काळात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेची मुले ऑनलाइन जपानी शिकू लागली. कोणती परदेशी भाषा शिकायची, असे मुलांना विचारले होते. यंत्रमानवांची ओढ असल्याने त्यांनी जपानी निवडली. शिकवणारे होते औरंगाबादचेच भाषातज्ज्ञ सुनील जोगदेव, जपानी ही ज्यांची मातृभाषा नाही. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना शिकलेल्या सोबत्यांनी शिकवले. कूल यांच्याच प्रयोगशाळेने 2018 मध्ये दाखवले आहे, की चित्रफितीवरून चिनी ध्वनी ऐकताना शेजारी दुसरे बाळ असेल तर शिकण्याची चिन्हे अधिक दिसतात. आपल्या भरगच्च वर्गात सोबती भरपूर आहेत, एवढी एक गोष्ट चीनच्या त्या महागड्या तासिकेत नव्हती.

कोणी अशी तासिका विकायला आले तर मुख्याध्यापकांनी आधी एक तास फुकट मागून घ्यावा, आणि मागच्या बाकावर वही व घड्याळ घेऊन बसावे. कोणते मूल किती वेळा बोलले आणि त्यातल्या किती वेळा त्याच्या बोलण्याला उत्तर मिळाले, एवढेच मांडावे. दुसऱ्या दिवशी आपल्याच शिक्षकाच्या इंग्रजीच्या तासालाही तसेच बसावे.