'तारे ज़मीन पर': चित्र न येणाऱ्या ईशानचं काय?

मुलांमधले मानसिक आणि विकासात्मक विकार हा आपल्या मालिकेचा विषय. आज आपण त्यातल्या अध्ययन अक्षमतेबद्दल बोलू, आणि तेही एका सिनेमाच्या निमित्तानं. २००७ च्या डिसेंबरात आलेला 'तारे ज़मीन पर' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. लेखन अमोल गुप्ते यांचं, दिग्दर्शन आमिर खान यांचं.

आज आपल्याला या सिनेमावर टीका करायची आहे, पण आधी त्याचं देणं मान्य करूया. डिस्लेक्सिया हा तोवर तज्ज्ञांच्या खोलीतला शब्द होता, तो या सिनेमानं घरोघरी पोचवला. निकुंभ सर ईशानच्या वडिलांना परक्या लिपीतला मजकूर वाचायला सांगतात आणि वाचता आला नाही म्हणून उलट त्यांनाच बोल लावतात, तो प्रसंग आठवा. 'येत नाही' आणि 'करत नाही' यातला फरक दोन मिनिटांत कळतो. इतकं सोपं करून सांगणं आम्हा व्याख्यान देणाऱ्यांनाही क्वचितच जमतं.

मग अडचण कुठे आहे? अडचण शेवटात आहे. ईशान तिसरीत नापास झालेला, वसतिगृहात टाकलेला मुलगा. त्याचं दुःख सिनेमा फार प्रामाणिकपणे दाखवतो. पण त्या दुःखातून तो बाहेर कसा येतो? तर चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येऊन. शाळेच्या वार्षिक अंकावर त्याचं चित्र छापलं जातं, आणि आई-वडिलांचे डोळे भरून येतात. आपलेही येतात. पण डोळे पुसल्यावर एक प्रश्न विचारायला हवा: ईशानला चित्र काढता येत नसतं तर?

सिनेमाचं घोषवाक्य सांगतं की प्रत्येक मूल खास असतं. कथा मात्र वेगळंच सांगते. ती म्हणते, वाचता येत नसेल तर दुसरं काहीतरी असामान्य करून दाखव, मग आम्ही तुला आपला म्हणू. वर्गात निकुंभ सर थोरांची यादी सांगतात, त्यात आइन्स्टाइन आहे, लिओनार्दो आहे. या माणसांना डिस्लेक्सिया होता असं कुणी तपासून ठरवलेलं नाही, हे सगळे अंदाज मागाहून बांधलेले. आणि समजा होता, तरी त्यानं काय सिद्ध होतं? अध्ययन अक्षमता असलेली मुलं बुद्धीनं इतर मुलांसारखीच असतात. काही हुशार, काही साधारण, बरीचशी मधली. अक्षमतेच्या बदल्यात निसर्ग प्रतिभा देतो, असा कुठलाही करार नाही.

याचा परिणाम घरात दिसतो. निदान झालं की पालक विचारतात, "मग याच्यात वेगळं काय आहे?" चित्रकलेचा क्लास, तबल्याचा क्लास, बुद्धिबळ. शोध सुरूच. काही सापडलं नाही की मूल दुसऱ्यांदा नापास होतं, या खेपेला घरच्यांच्या मनात.

आणि जे खरं काम आहे, ते सिनेमात एका गाण्याएवढ्या वेळात उरकतं. वाळूत अक्षरं गिरवली, मातीची अक्षरं केली, पायऱ्यांवर गणित झालं, आणि मुलगा वाचायला लागला. प्रत्यक्षात हे काम वर्षानुवर्षं चालतं, आणि अडचण कमी झाली तरी बहुधा पूर्ण जात नाही. शिवाय पडद्यावर अक्षरं नाचतात, त्यामुळे हा डोळ्यांचा दोष आहे असा समज पसरला. मूळ अडचण बहुतेक वेळा आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. मराठी वाचणाऱ्या मुलाचंच बघा ना. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र 'क' आधी. त्यात जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ. हे मूल एकेक अक्षर जुळवत, अडखळत वाचतं. त्याची अक्षरं नाचत नाहीत, म्हणून त्याला 'आळशी' म्हणून सोडून दिलं जातं.

आणखी एक गोष्ट. निकुंभ सर ट्यूलिप्स नावाच्या शाळेतही शिकवतात. तिथली मुलं विकासात्मक अडचणींची आहेत. सिनेमा त्यांच्याकडे मायेनं पाहतो, पण कथा त्यांची होत नाही. होणार कशी? बक्षिसावर संपणाऱ्या गोष्टीत त्यांना जागाच नाही.

मग आधार कशाचा घ्यायचा? एखाद्या निकुंभ सरांची वाट बघायची का? तसं करायची गरज नाही. महाराष्ट्रानं १९९६ सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, म्हणजे सिनेमाच्या अकरा वर्षं आधी. जादा वेळ त्यातलाच. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती, २०१६ च्या कायद्यानं ती २१ प्रकारांच्या यादीत घेतली. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही तपासणी तयार केली, ती मराठीतही आहे. हे सगळं रुक्ष वाटतं, यावर कुणी गाणं लिहिणार नाही. पण चित्र काढता न येणाऱ्या मुलाला हेच उपयोगी पडतं, कारण हक्क मागताना त्याला आधी बक्षीस दाखवावं लागत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. सिनेमा जरूर पुन्हा बघा, मुलांनाही दाखवा. फक्त संपल्यावर मुलाला "तुला काय छान येतं?" असं विचारू नका. "वाचताना नेमकं कुठे अडतं?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहा.