ब्रायनचें 'सुवर्णक्रूस' भाषण

सोन्याबरोबर रुप्याचींही नाणीं खुलीं पाडावींत या पक्षाचें मंडन करणारें विल्यम जेनिंग्ज ब्रायन याचें ९ जुलै १८९६ चें शिकागो येथील भाषण ऐनवेळीं स्फुरलेलें होतें, अशी समजूत आहे. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मानवजातीस सोन्याच्या क्रुसावर चढविण्याचा गाजलेला दृष्टान्त त्यानें डिसेंबर १८९४ मध्येंच प्रतिनिधिगृहांत योजिला होता. तेथें तो वायां गेला. शिकागोस दुसऱ्या दिवशीं पांचव्या फेरींत त्यास अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. कारण तेथील बहुसंख्य प्रतिनिधि आधींच रौप्यवादी होते. स्फूर्ति असलीच तर ती श्रोत्यांची!

दुसरी चूक याहून मोठी. त्याच्या आवाजाची जी ध्वनिमुद्रिका आधार म्हणून पुढें केली जाते, ती १९२१ सालची, श्रोत्यांवांचून केलेली. तीवरून शिकागोचा स्वर ठरविणें म्हणजे नकलेवरून अस्सल पत्राचें वळण ठरविणें होय.

प्रतिस्पर्धी मॅकिन्ले कॅंटन येथील घराच्या ओसरीवरूनच बोले, आणि भेटीस येणाऱ्या मंडळींचीं भाषणेंही आधीं मागवून तपासून घेई. त्याच्या या तयारीविषयीं मात्र कोणास शंका नाहीं. निर्वाचकांचीं मतें त्यास २७१ पडलीं, ब्रायनला १७६.