‘पाकोची माणसे’ : आरंभीचा भाग व संबोधनांतील विनोद

स्पेनमधील ‘अंतेना त्रेस’ या वाहिनीवर ऑक्टोबर २००५ मध्ये ‘लोस ओम्ब्रेस दे पाको’ ही पोलिसी विनोदमालिका सुरू झाली. दानिएल एथिहा व आलेक्स पिना हे तिचे निर्माते. तिच्या पहिल्या भागाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तीन धांदरट पोलिसांच्या फजितीपुरते असते. वस्तुतः त्या भागातील विनोदाचा मोठा अंश प्रसंगांत नसून कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो यात आहे, आणि त्याची चिकित्सा भाषेच्या अंगाने झाल्यावाचून मालिकेचे मर्म हाती लागत नाही.

प्रारंभ शीर्षकापासूनच करावयास हवा. ‘स्वॉट’ ही १९७५ सालची अमेरिकन पोलिसी मालिका स्पेनमध्ये ‘लोस ओम्ब्रेस दे हॅरल्सन’, म्हणजे ‘हॅरल्सनची माणसे’, या नावाने परिचित होती. त्या घडणीत अमुकाची माणसे म्हणजे शिस्तबद्ध, सशस्त्र, नायकाच्या एका शब्दासरशी धावणारी तुकडी. स्पॅनिश मालिकेने घडण तशीच ठेवली आणि नायकाच्या आडनावाच्या जागी ‘पाको’ बसविले. पाको हे ‘फ्रान्सिस्को’चे घरगुती रूप. संत फ्रान्सिसच्या लॅटिन बिरुदाच्या आद्याक्षरांवरून त्याची व्युत्पत्ती लावण्याची लोकरीत आहे. ती गोड असली तरी लोकव्युत्पत्तीच होय. असे नाव हाटेलातल्या पोऱ्याला शोभते, चुलत्याला शोभते. तुकडीच्या नायकाला शोभत नाही. नायकाची भूमिका करणाऱ्या नटाचे नावही पाकोच (पाको तोउस) असावे, हा योगायोग प्रेक्षकाला आणखी हसवितो.

पाको मिरांदा हा इन्स्पेक्टर, लुकास व मारियानो हे त्याचे सहकारी आणि मित्र. ठाण्याचा प्रमुख कोमिसारियो लोरेन्सो कास्त्रो हा पाकोचा सासरा. कथेची सारी ताणाताण या एका नात्यातून निघते, आणि हुआन दिएगो या थोर नटाने सासऱ्याचा करडेपणा असा काही उभा केला आहे की त्याच्या आवाजानेच ठाण्यातील हवा बदलते. जावई त्याला ‘दोन लोरेन्सो’ म्हणतो. सासऱ्याच्या तोंडी मात्र नुसते ‘पाको’. ‘दोन’ ही आदरवाचक उपाधी आडनावाला न लागता व्यक्तिनामाला लागते. आपल्याकडील ‘राव’ वा ‘पंत’ यांची जात तीच. त्यामुळे ती एकाच वेळी जवळीक व अंतर दोन्ही दाखविते. ‘कोमिसारियो’ म्हटले तर केवळ हुद्दा उरेल आणि ‘लोरेन्सो’ म्हटले तर मर्यादा सुटेल. घर व ठाणे यांच्या उंबरठ्यावर अडकलेल्या जावयाला ‘दोन’शिवाय दुसरा शब्दच उपलब्ध नाही.

ब्राउन व गिलमन यांनी १९६० मध्ये सर्वनामांतील सत्ता व सख्य यांची जी मांडणी केली तिला या ठाण्यात उत्तम उदाहरण सापडते. ‘तू’ व ‘उस्तेद’ यांपैकी दुसरे सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहापासून झिजून बनले व क्रियापद तृतीय पुरुषी घेते. फ्रँकोच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९७५ नंतर, स्पॅनिश समाजात ‘तू’चा पैस झपाट्याने वाढला. तिघे मित्र आपसांत त्या सख्याच्या भाषेत वावरतात आणि वरिष्ठासमोर त्यांना जुन्या सत्तेची भाषा आठवते. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्ही सर्वनामे एकाच शब्दात विरघळतात. त्यामुळे इंग्रजीच्या द्वारे ही मालिका पाहणाऱ्यास विनोद केवळ पडण्या-धडपडण्याचा वाटल्यास नवल नाही.

मराठीत सर्वनामभेद शाबूत आहे. म्हणून मराठी अनुवादकाचे काम सोपे होईल असे वाटते. पण येथे निराळीच अडचण उभी राहते. मराठी घरात जावई हा मानाचा धनी; सासरा त्याला ‘जावईबापू’ म्हणून अहोजाहो करतो. स्पॅनिश ठाण्यात आदर खालून वर जातो, मराठी घरात तो वरून खालीही येतो. तेव्हा नात्याच्या शब्दांनी हा प्रसंग उतरविला तर विनोद उलटा होईल, आणि ‘साहेब’ वापरला तर घर नाहीसे होईल. ‘लोरेन्सोराव’ हाच त्यांतल्या त्यात निभाव लागेल असा पर्याय दिसतो.

या हास्याला इतिहासाची एक बाजूही आहे. फ्रँकोच्या राजवटीतील करड्या गणवेशाच्या पोलिसांना लोक ‘लोस ग्रिसेस’, म्हणजे ‘करडे’, म्हणत, आणि त्या शब्दात भय होते. १९५८ मध्ये अवतरलेल्या फ्रान्सिस्को इबान्येस यांच्या ‘मोर्तादेलो इ फिलेमोन’ या चित्रकथेने गुप्तहेरांचे हसे केले. १९९८ च्या ‘तोरेन्ते’ चित्रपटाने माजी पोलिसाला ओंगळ करून दाखविले. पाको या दोघांहून निराळा: तो चुकतो, पण दुष्ट नाही. येथेच आक्षेपालाही जागा आहे. ज्या पोलिसाची बायको आपल्या बारमध्ये त्याची वाट पाहते, ज्याची लेक त्याला बोल लावते, त्याच्या हातून घडलेला अधिकाराचा गैरवापरही प्रेक्षक घरच्या माणसाच्या चुकीप्रमाणे पदरात घेतो. गणवेशाला ‘पाको’ म्हणता आले की जाब विचारण्याची धार बोथट होते.

पाकोची विद्यार्थिदशेतील कन्या सारा आणि त्याचा मित्र लुकास यांच्या ओढीचे सूत्र मालिकेने आरंभीपासून लाडाने विणले आहे. त्यातील वयाचे व विश्वासाचे प्रश्न ती हसून बाजूला सारते. लुकास हा बापाचा सोबती. म्हणजे साराने लहानपणापासून ज्याला ‘तू’ म्हटले त्यालाच ती आता प्रियकर म्हणून ‘तू’ म्हणते. सर्वनाम बदलत नाही, नाते बदलते. सासऱ्याच्या ‘दोन’चे इतके बारकाईने विनोद करणाऱ्या लेखकांनी या न बदललेल्या सर्वनामाकडे मात्र पाहिलेले दिसत नाही.