‘मे’च्या शेजारी कोण बसलंय? कोट्स यांचं पुस्तक आणि कुरकुंभचा एक ड्रम

मागच्या दिवाळीत दाजींनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. दाजी कुरकुंभ एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. फोटोत एका ड्रमवरचं लेबल होतं. त्यावर दोन वाक्यं होती. पहिलं ‘कॉझेस स्किन इरिटेशन’, दुसरं ‘मे कॉझ कॅन्सर’. दाजी म्हणाले, “तू इंग्रजीत पीएचडी करतोस ना, मग सांग. कातडीचं नक्की आहे आणि कॅन्सरचं नुसतं ‘मे’ आहे. म्हणजे कॅन्सरचं त्यांनाच अजून पक्कं माहीत नाही, असंच ना?”

मी ‘हो’ म्हणालो. माझा विषय मोडल क्रियापदं, म्हणजे कॅन, मे, मस्ट, शॅल, विल ही मंडळी, आणि तरीही मी चुकीचं उत्तर दिलं. का चुकलो ते शोधताना जेनिफर कोट्स यांचं ‘द सिमँटिक्स ऑफ द मोडल ऑक्झिलरीज’ (१९८३) पुन्हा वाचावं लागलं. यावेळी ते थोडं भांडत वाचलं, त्यामुळे आजची पोस्ट त्याच पुस्तकावर.

आपण शाळेत शिकलो ते असं: कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. एका शब्दाला एक अर्थ. कोट्सबाईंनी ही सवय मोडली. त्यांनी स्वतः वाक्यं रचली नाहीत. लँकेस्टरचा छापील मजकुराचा संग्रह आणि लंडनच्या ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश यूसेज’मधली सामग्री घेऊन खरी वाक्यं तपासली, आणि मोडलचा अर्थ ठरताना त्याच्या आजूबाजूला कोण असतं ते पाहिलं.

‘ही मस्ट गो’ म्हणजे त्याला गेलंच पाहिजे. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे तो गेला असणार. मस्ट तोच, पण मागून ‘हॅव’ आला आणि सक्तीचा अंदाज झाला. ‘ही मस्ट बी स्लीपिंग’मध्ये तेच काम ‘बी’ आणि ‘इंग’ करतात. कर्ता माणूस आणि क्रियापद मुद्दाम करायच्या कृतीचं असेल, तर सक्ती किंवा परवानगीकडे कल जातो. कर्ता निर्जीव किंवा क्रियापद स्थिती सांगणारं असेल, तर अंदाजाकडे. मराठीत आपण यासाठी सरळ वेगळा प्रत्ययच वापरतो, जावं आणि गेला असावा. इंग्रजीला ती चैन नाही, म्हणून तिथे शेजार बघावा लागतो.

नकाराचंही तसंच. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, ‘नीड नॉट’ म्हणजे गरज नाही. आणि ‘तो घरी असणार’ याच्या उलट ‘तो घरी असणं शक्यच नाही’ म्हणायचं तर मस्ट बाजूला होतो आणि ‘कान्ट बी’ येतं. नेटच्या तयारीत हे पाठ करतात. पाठ करा, पण नकार मोडलला लागलाय की पुढच्या क्रियेला, हा प्रश्न विचारत पाठ करा.

आता ‘मे’. कोट्सबाई त्याचे मुख्य अर्थ वेगळे करतात. एक बोलणाऱ्याच्या ज्ञानाबद्दलचा: ‘असं असेल, मला खात्री नाही’. दुसरा जगातल्या शक्यतेबद्दलचा: ‘असं घडणं शक्य असतं’. तिसरा परवानगीचा. त्यापुढे त्या एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. औपचारिक लेखी इंग्रजीत पहिले दोन अर्थ अनेकदा एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही एकदम लागू पडतात. याला त्यांनी ‘मर्जर’ म्हटलंय. वाचकाला निवड करावी लागत नाही, कारण कुठलाही अर्थ घेतला तरी बिघडत नाही.

माझं भांडण इथे आहे. संशोधन निबंधात बिघडत नसेल, पण ड्रमवर बिघडतं.

लेबलावरची ही वाक्यं कंपनीनं मनानं लिहिलेली नसतात. रसायनांच्या वर्गीकरणाची जीएचएस नावाची संयुक्त राष्ट्रांची पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक धोक्याचं वाक्य ठरलेलं असतं आणि त्याला क्रमांक असतो. ‘मे कॉझ कॅन्सर’ हे एच ३५०. ते प्रवर्ग १ ला लागतं, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे ज्ञात आहे किंवा तसं धरून चालण्याइतका पुरावा आहे अशा पदार्थांना. बेंझीन त्यातलंच. पुरावा कमी असेल तर प्रवर्ग २, आणि त्याचं वाक्य एच ३५१: ‘सस्पेक्टेड ऑफ कॉझिंग कॅन्सर’. युरोपीय वर्गीकरणात डायक्लोरोमिथेन तिथे बसतं.

म्हणजे शंका सांगायची तेव्हा या पद्धतीनं ‘मे’ वापरलंच नाही, ‘सस्पेक्टेड’ वापरलं. एच ३५० मधला ‘मे’ पुराव्याबद्दल बोलतच नाही. तो सांगतो की या पदार्थात कर्करोग घडवायची ताकद आहे, मात्र संपर्कात आलेल्या प्रत्येकाला तो होईलच असं नाही. त्वचेच्या वाक्यात ‘मे’ नाही, कारण तो परिणाम सहसा लगेच आणि थेट दिसतो. दोन वाक्यांतला फरक ‘किती माहीत आहे’ याचा नसून ‘कसं घडतं’ याचा आहे. दाजींनी घडण्यातली अनिश्चितता ज्ञानातली अनिश्चितता म्हणून वाचली. मीही तेच केलं.

बरं, शेजार बघून हे कळलं असतं का? प्रामाणिक उत्तर: नाही. इथे कर्ता लिहिलेलाच नाही, आणि गृहीत धरला तर तो निर्जीव पदार्थ. मुद्दाम केलेली कृती नाही. कोट्सबाईंच्या खुणा लावल्या तर कल अंदाजाकडे जातो, आणि तोच इथे चुकीचा अर्थ. अर्थात खुणा म्हणजे नियम नव्हेत, हे त्या स्वतःच मान्य करतात; अर्थांना गाभा असतो आणि कडा धूसर असतात, हे त्यांचं मूळ म्हणणंच आहे. तेव्हा चूक माझी, खुणांना नियम समजल्याची.

लिओ होय यांचं ‘ॲडव्हर्ब्स अँड मोडॅलिटी इन इंग्लिश’ (१९९७) शेजाराचा विचार आणखी पुढे नेतं. ‘मे वेल’, ‘मे पॉसिबली’, ‘मस्ट शुअरली’ अशा जोड्या. ‘मे’ला ‘पॉसिबली’ चिकटलं म्हणून शक्यता निम्म्यावर येत नाही, दोघं मिळून एकच गोष्ट सांगतात. ‘मे वेल’मध्ये मात्र शक्यता वाढते, आणि ‘कदाचित चांगलं’ असं भाषांतर करणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. पुस्तक उपयोगी आहे, पण लेबलाच्या भाषेत क्रियाविशेषणाला जागाच नसते. मग जोडी बघायची कुणाची?

माझं म्हणणं असं की शेजार वाक्यात संपत नाही. जे वाक्य त्या जागी येऊ शकलं असतं आणि आलं नाही, तेही शेजारीच. ‘कॉझेस’, ‘मे कॉझ’, ‘सस्पेक्टेड ऑफ कॉझिंग’ ही तिन्ही समोर ठेवल्याशिवाय मधल्याचा अर्थ लागत नाही. कोट्सबाईंची सामग्री सर्वसाधारण इंग्रजीची असल्यानं असा बंदिस्त संच त्यांच्यासमोर नव्हता. हा दोष नाही, पण ती मर्यादा विसरून आपण त्यांचं वर्गीकरण कशालाही लावतो, तो मात्र दोष आहे.

तुलनेसाठी कायद्यातला ‘मे’ बघा. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम ४१-एच आलं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार तो मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या नजरेला आणू शकतात, असं ते २०२५ मध्ये हा अधिनियम रद्द होईपर्यंत सांगत होतं. तिथेही ‘मे’च होता. पण कर्ता कामगार आणि क्रिया जाणूनबुजून करायची, त्यामुळे अर्थ हक्काचा. लगेच पुढे मालकाचं कर्तव्य ‘शॅल’नं येतं. त्या ‘शॅल’मुळेच आधीच्या ‘मे’ला वजन मिळतं. इथे कोट्सबाईंच्या खुणा अगदी चपखल बसतात.

तुम्ही प्रबंधात मोडल मोजणार असाल तर एक विनंती. अँटकाँक हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ‘मे’ किती वेळा आला ते काढायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि सगळ्या ‘मे’ना ‘सौम्य भाषा’ अशा एकाच खान्यात टाकलं. गाईडनी फक्त विचारलं, “यातले किती तुम्ही वाचलेत?” तेव्हा निदान शंभर ओळी दोन्ही बाजूंच्या पाच-पाच शब्दांसकट हातानं वाचा. प्रत्येक ‘मे’च्या जागी ‘इट इज पॉसिबल दॅट’ आणि ‘इट इज पॉसिबल फॉर’ ही दोन्ही रूपं घालून बघा. पहिलं बसलं तर मराठीत ‘असावा’, दुसरं बसलं तर ‘होऊ शकतो’.

गेल्या महिन्यात दाजींना पुन्हा सांगितलं. “‘होऊ शकतो’ हे त्यांना पक्कं माहीत आहे. ‘होत असावा’ असं ते म्हणत नाहीयेत.” दाजी थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मग तसंच मराठीत लिहा की ड्रमवर.”

त्यावर माझ्याकडे अजून तयार वाक्य नाही. तोवर तुमच्यासाठी एक जोडी: एच ३००, ‘फेटल इफ स्वॉलोड’, आणि एच ३०४, ‘मे बी फेटल इफ स्वॉलोड अँड एंटर्स एअरवेज’. दुसऱ्यातला ‘मे’ कुठला, आणि ‘इफ’ त्याच्याशी काय करतोय, ते कमेंटमध्ये लिहा.