आन्नाचा विसर

सहलीला निघालेल्या सात जणांपैकी एक मुलगी एका ओसाड बेटावर नाहीशी होते. उरलेल्या सहा जणांना प्रथम तिची काळजी वाटते, मग तिचा कंटाळा येतो आणि शेवटी तिचा विसर पडतो. मिकेलांजेलो आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६० साली पडद्यावर आणलेल्या ‘ल’आव्हेंतूरा’ या चित्रपटाचे कथानक एवढेच. ‘आव्हेंतूरा’ म्हणजे साहस. या चित्रपटात साहस म्हणावे असे काही घडत नाही, आणि त्याच वर्षी कान येथील महोत्सवात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली ती बहुधा त्यामुळेच. दुसऱ्या दिवशी कित्येक समीक्षक व कलावंत दिग्दर्शकाच्या पाठीशी उभे राहिले, परीक्षकांनी विशेष पारितोषिक दिले आणि दोनच वर्षांनी जगातील समीक्षकांच्या एका मतमोजणीत तो सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत दुसऱ्या स्थानी जाऊन बसला.

सेमिनरीत असताना आम्ही तो प्रथम पाहिला. एका प्राध्यापक फादरांनी हौसेने कॅसेट मिळवली होती. अर्ध्या तासानंतर निम्मा वर्ग पेंगत होता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्या निम्म्यातच होतो. आन्ना सापडत का नाही, एवढाच आमचा तेव्हाचा प्रश्न. धर्मग्रामात वर्षे काढल्यावर तो पुन्हा पाहिला तेव्हा प्रश्न बदलला होता: ही माणसे तिला इतक्या लवकर कशी विसरली?

सिसिलीच्या उत्तरेस एओलियन बेटांचा समूह आहे. त्यातील वस्ती असलेल्या सात बेटांमध्ये पानारेआ सर्वांत लहान. त्याच्याजवळ लिस्का बियांका नावाचा उजाड खडक समुद्रातून वर आला आहे. ना झाड, ना गोडे पाणी. हा सारा ज्वालामुखीचा प्रदेश. २००२ च्या नोव्हेंबरात याच खडकांच्या आसपास समुद्रतळातून वायूचे असे लोट उसळले की पाणी उकळत असल्याचा भास व्हावा. आंतोनिओनीने आपले धनिक प्रवासी आणले ते अशा ठिकाणी. चित्रीकरण चालू असताना निर्मात्यांचे दिवाळे निघाले आणि दिग्दर्शकाच्या चमूलाही वादळी हवेत तेथे अडकून पडावे लागले. पडद्यावर जो वारा दिसतो, तो खरा आहे.

नौका आहे एका सरदार घराण्यातील बाईंची. सर्वांजवळ पैसा आहे, फुरसत आहे, आणि एकमेकांशी बोलण्यासारखे काही नाही. एक नवरा चारचौघांत बायकोचा पाणउतारा करीत असतो आणि ती हसून वेळ मारून नेते. आन्ना व तिचा वाग्दत्त सांद्रो यांचे धड जमत नाही, धड तुटतही नाही. पोहताना ती ‘शार्क, शार्क’ म्हणून ओरडते; सारे घाबरतात; मागाहून ती मैत्रिणीपाशी, क्लाउदियापाशी, कबूल करते की शार्क नव्हताच. माणूस असे खोटे केव्हा बोलतो? आपल्याकडे कोणीतरी वळून पाहावे, ही इच्छा दुसऱ्या मार्गाने पुरी होत नाही तेव्हा. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्याला हा आवाज ओळखीचा असतो. सोबतच्यांपैकी कोणालाही तो ओळखता आला नाही. थोड्याच वेळाने आन्ना बेटावरून नाहीशी होते. ती बुडाली, पळून गेली की तिने जीव दिला, हे दिग्दर्शक अखेरपर्यंत सांगत नाही.

आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो तिच्या वडिलांचा प्रसंग. हे गृहस्थ जुने मुत्सद्दी. चित्रपटाच्या आरंभी रोममधील त्यांच्या घरामागे सेंट पीटर्सचा घुमट दिसतो आणि समोरून नव्या इमारती चाल करून येत असतात. मुलीच्या सामानात त्यांना दोन पुस्तके सापडतात: फिट्झजेराल्डची एक कादंबरी आणि बायबल. बायबल हाती येताच त्यांचा चेहरा उजळतो. जी बायबल वाचते तिची देवावर श्रद्धा असणार, म्हणजे ती आत्महत्या करणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. काही समीक्षकांनी या प्रसंगात धर्माची थट्टा पाहिली आहे. आम्हांस तसे वाटत नाही. थट्टा असलीच तर ती आपल्यासारख्यांची आहे. घरात बायबल आहे, भिंतीवर क्रूस आहे, रोजरी होते, एवढ्यावर आपली मुलेबाळे सुखरूप आहेत असे आपण धरून चालतो. त्या वडिलांनी बायबल उघडून पाहिले असते तर मुलीने कोणते पान दुमडले होते, हे कदाचित त्यांना कळले असते. सहलीला जाण्यापूर्वी ती त्यांच्यासमोर उभी होती. तेव्हाचे त्यांचे बोलणे टोमण्यांचे आणि तक्रारीचे.

येथे आणखी एका बेटाची आठवण होते. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचे जहाज माल्टाजवळ फुटले तेव्हा त्यावर २७६ माणसे होती. सैनिक, कैदी, खलाशी. सहलीची निवडक मंडळी नव्हेत. एकही हरवला नाही. बेटावरच्या परक्या लोकांनी पाऊस आणि थंडी पाहून त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. पुढे पौल सिराकूजला उतरला आणि तीन दिवस राहिला. त्याच सिराकूज परिसरातील नोतो या गावी आंतोनिओनी सांद्रो व क्लाउदिया यांना घेऊन जातो. आन्नाला शोधण्याच्या निमित्ताने निघालेली ही दोघे तोवर एकमेकांत गुंतली आहेत. तेथे चर्चच्या गच्चीवर क्लाउदियाच्या हातून घंटेचा दोर ओढला जातो आणि दूरच्या दुसऱ्या चर्चची घंटा उत्तर देते. ती लहान मुलीसारखी आनंदते. ज्यांच्यासाठी घंटा वाजावयाची ती माणसे मात्र कोठे दिसत नाहीत. याआधी एका नव्याकोऱ्या ओसाड गावात ती दोघे हाका मारतात, तेव्हा प्रतिध्वनीखेरीज काही येत नाही.

कान येथील आपल्या निवेदनात आंतोनिओनीने मांडले होते की, विज्ञानात माणूस झपाट्याने पुढे जातो, परंतु नीतीचे जुने, निरुपयोगी ओझे तो टाकू शकत नाही आणि म्हणून त्याचे प्रेमजीवन आजारी पडले आहे. दिग्दर्शकाबद्दल आदर राखूनही आमचा येथे मतभेद आहे. सांद्रोच्या पाठीवर नीतीचे कसले ओझे आहे? त्याने वास्तुकलेतील आपल्या कल्पना पैशासाठी सोडल्या. एका तरुणाच्या सुबक रेखाटनावर तो केवळ मत्सराने शाई सांडतो. त्याने जे टाकता येईल ते केव्हाच टाकले आहे. चित्रपट आपल्या कर्त्यापेक्षा शहाणा निघाला, असे आम्ही म्हणू.

चित्रपटातील सर्वांत कठीण उद्गार क्लाउदियाच्या तोंडी आहे. ताओर्मिनातील हॉटेलात (हा मूळचा डॉमिनिकन संघाचा मठ) ती कबूल करते की, काही दिवसांपूर्वी आन्ना मेली असेल या विचारानेच आपला जीव गेला असता, आणि आता ती जिवंत असेल याचीच भीती वाटते. आमच्या धर्मग्रामात एक माउली आहे. तिचा मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी घरातून निघून गेला, त्याचा पत्ता नाही. ती दरवर्षी त्याच्या नावे मिस्सा लावते. वहीत नोंदताना आमच्या कारकुनाने पहिल्यांदा विचारले, “जिवंतांसाठी लिहू की मृतांसाठी?” तिने उत्तर दिले नाही. तेव्हापासून आम्ही नुसते नाव लिहितो. घरातील इतरांना आता हे आवडत नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी आपापल्या परीने हिशेब मिटवला आहे. नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ आपण प्रवचनात सहज सांगतो. आंतोनिओनीने नव्याण्णवांची कथा सांगितली.

शेवटी सांद्रोची प्रतारणा उघडकीस येते. पहाटे तो बाकावर बसून रडतो आणि क्लाउदिया त्याच्या डोक्यावर हात ठेवते. एकीकडे कोरी भिंत, दुसरीकडे दूरवर एत्ना पर्वत. अनेकांनी याला क्षमा म्हटले आहे. आमच्या मते ती कीव आहे. क्षमेला आधी अपराधाचे नाव घ्यावे लागते, आणि आन्नाचे नाव त्या दोघांपैकी कोणी घेत नाही. मोनिका व्हित्ती या नटीने (२०२२ साली ती निवर्तली) तो हात मध्येच क्षणभर थबकवला आहे. त्या थबकण्यासाठी तरी चित्रपट पाहावा.

दोष नाहीत असे नाही. उत्तरार्ध पसरट आहे, आणि जिच्यावाचून कथा नाही त्या आन्नालाच दिग्दर्शकाने फार थोडे दिले आहे. अवधी सुमारे दोन तास वीस मिनिटांचा; मुलांना घेऊन बसू नये, ती कंटाळतील. मोठ्यांनी मात्र एखाद्या रविवारी दुपारी, टेलिफोन बाजूला ठेवून, तो जरूर पाहावा.