‘प्रेमा तुझा रंग कसा?’ : सुखात्मिकेतील कुटुंब आणि नीतिकल्पना

नाशिक येथे अध्यापन करीत नाट्यलेखन करणाऱ्या वसंत कानेटकरांचे ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ (१९६१) हे नाटक लोकप्रिय सुखात्मिका म्हणून ओळखले जाते. तथापि, केवळ करमणूक म्हणून त्याचा विचार करणे अपुरे ठरते.

देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) मध्ये विवाहातील अन्यायाचे मूळ पित्याच्या द्रव्यलोभात आहे. कानेटकरांच्या नाटकातील प्राध्यापक बल्लाळ व प्रियंवदा यांचा विवाह मात्र प्रेमविवाहच आहे. त्यामुळे बच्चू आणि बब्बड या मुलांच्या प्रेमासमोर त्यांना रूढीचा आधार घेता येत नाही. स्वानुभवच साक्षीला उभा राहतो. ‘लग्न होईल का?’ या प्रश्नाची जागा ‘लग्नानंतर प्रेमाचे काय होते?’ हा प्रश्न घेतो आणि विनोद तेथूनच फुलतो. घटस्फोटाची तरतूद असलेला हिंदू विवाह कायदा १९५५ मध्येच झाला होता. नाते टिकविणे ही निव्वळ सक्ती उरली नव्हती.

अर्थात, हे स्वातंत्र्य शिक्षित, सुस्थित मध्यमवर्गीय घराचे आहे. जेथे पोटाचा प्रश्न आधी उभा राहतो, तेथे प्रेमाचा रंग कोणता, याचे उत्तर येथे मिळत नाही. म्हणूनच हे नाटक समग्र समाजाच्या नव्हे, तर एका वर्गाच्या नीतिपरिवर्तनाचा मार्मिक आलेख ठरते.