ब्रह्मदेश व सयाम येथील सागवानी ओंडक्यांचा व्यापार : एक साधनचिकित्सा

ब्रह्मदेश व सयाम, म्हणजे हल्लींचे म्यानमार व थायलंड, यांच्या सागवानी व्यापाराची तुलना करावयाची झाल्यास बंदरांचीं निर्यात-कोष्टकें पुढें ठेवावयाचीं, मौलमीनचा आंकडा ब्रह्मदेशाच्या व बँकॉकचा सयामच्या पदरीं टाकावयाचा, ही रीत सोपी खरी. परंतु आमच्या मतें ती मुळांतच सदोष आहे. माल कोठून जहाजावर चढला एवढेंच बंदर सांगतें. तो कोणत्या रानांत वाढला हें सांगत नाहीं.

प्रथम नद्यांचा ओघ पाहावा. सयामच्या उत्तरेकडील पिंग, वांग, योम व नान या नद्यांचें पाणी चाव फ्राया नदीनें बँकॉककडे जातें. उलट त्याच देशाच्या वायव्येकडील पाई व युआम यांचें पाणी सालवीनच्या खोऱ्यांत उतरून मौलमीनकडे वळतें. ओला साग पाण्यावर नीट तरत नाहीं. म्हणून बुंध्याभोवतीं खोल खाच पाडून झाड दोन-तीन वर्षें उभेंच वाळवीत, मग तोडून हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवीत व पुराची वाट पाहात. अर्थात् माल जाई तो पाण्याच्या वाटेनें, राज्याची सीमा पाहून नव्हे. १८२६ सालीं तेनासरीम प्रांत इंग्रजांकडे गेल्यावर मौलमीनचा व्यापार वाढला, त्यांत या सयामी ओंडक्यांचाहि वांटा होता. तिकडे जंगलांचे ठेके चिआंगमाई वगैरे संस्थानांचे अधिपति देत. बँकॉक दरबारचें वनखातें निघालें तें १८९६ सालीं, आणि त्याचा पहिला प्रमुख हर्बर्ट स्लेड हाहि ब्रह्मदेशच्या वनखात्यांतूनच आलेला. तेव्हां बँकॉकचे जुने आंकडे लहान, एवढ्यावरून सयामची तोड लहान होती असें म्हणतां येत नाहीं.

ओंडक्यांची मोजणी ही क्षुल्लक बाब नव्हे. १८६३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननें नेलेले ओंडके व भरलेला पैसा यांचा मेळ बसत नाहीं, असें ठरवून मंडालेच्या राजसभेनें १८८५ सालीं तिजवर सुमारें २३ लाख रुपयांचा दंड बसविला. त्या तंट्याचें निमित्त होऊन युद्ध झालें, राज्य खालसा झालें, व थिबा राजा १९१६ सालीं रत्नागिरीस बंदिवासांत वारला.

शंभर वर्षांनीं ओघ उलटला. १९८८ च्या नोव्हेंबरांत दक्षिण थायलंडांत महापूर येऊन डोंगरावरील तोडलेले ओंडके गांवांवर कोसळले. १९८९ च्या जानेवारींत त्या सरकारनें जंगलतोडीचे ठेके बंद केले. त्याच सुमारास ब्रह्मी सरकारनें सरहद्दीवरील रानें थाई कंपन्यांस ठेक्यानें दिलीं. पुढें १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनेंहि ओंडक्यांची निर्यात बंद केली. केवळ थायलंडमधील तोडीचें कोष्टक पाहणारास १९८९ नंतर रान वांचलेलें दिसेल. तें शेजाऱ्याच्या हद्दींत तुटत होतें, हें दिसणार नाहीं.

सारांश, तुलना खोऱ्यांची करावी, बंदरांची नव्हे. यासाठीं ठेक्यांचे करारनामे, ओंडक्यांवरील हातोड्याच्या छापांच्या नोंदी व नदीनाक्यांवरील वह्या हीं मुख्य साधनें होत, निर्यात-कोष्टकें दुय्यम. मुंबई-कोंकणांतील संग्राहकांस आमची विनंती कीं, जुन्या लांकडी वखारींच्या खतावण्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. आणि त्यांत ‘मौलमीन’ असा शब्द आढळल्यास तें बंदराचें नांव समजावें, रानाचें नव्हे.